बोट अजून चालू आहे

नॉर्वेच्या किनाऱ्यावरून ऐन थंडीत बोटीनं जाणार आहोत असं सांगितलं की ठाण्यातली माणसं आधी आत्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे. आत्याचं वय पंचाहत्तरीच्या पुढचं. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा, म्हणजे इथे दुपारी पंखा लावायचे दिवस, आणि आम्ही दोघी राम मारुती रोडवर लोकरीचे हातमोजे शोधत होतो. बर्फात चालायचे जाड बूट नवेकोरे होते. पायाला सवय व्हावी म्हणून आत्या रोज संध्याकाळी ते घालून तलावपाळीला फेऱ्या मारायची. लोक वळून बघायचे. ती म्हणायची, “बघू देत. तिकडे बूट चावला तर कोणाला सांगू?”

तिला ध्रुवीय प्रकाशाचं फारसं अप्रूप नव्हतं. “मला एकदा बोटीत झोपायचंय,” एवढंच ती म्हणाली होती. तिचं लहानपण विजयदुर्गाजवळचं. मुंबईला येणं-जाणं बोटीनंच. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालेली बोट बंदरं घेत घेत जायची आणि रात्री कधीतरी विजयदुर्गाला पोचायची. ती बोट बंद होऊन आता एक पिढी उलटली. बोटीत झोपायचं तर हल्लीच्या मोठाल्या क्रूझ आहेतच, पण त्यांच्या जाहिराती बघून आत्यानं विचारलं, “यात वाटेतली माणसं चढतात का?” चढत नाहीत. मग शोधता शोधता नॉर्वेची किनारी बोट सापडली, जिच्यात वाटेतली माणसं चढतात.

या बोटीची हकीकत मोठी सुंदर आहे. नॉर्वेचा किनारा म्हणजे समुद्रात उभे उतरलेले डोंगर आणि त्यांच्या मधून आत घुसलेलं पाणी. तिथे रस्ता करणं महाकठीण. एकोणिसाव्या शतकात ट्रॉन्डहाइमहून उत्तरेच्या हामरफेस्टला पत्र पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे लागत आणि हिवाळ्यात पाच पाच महिने. सरकारला बारमाही बोट हवी होती. पण हिवाळ्यात तिकडे दिवसचे दिवस सूर्य उगवत नाही, दीपस्तंभ थोडे, नकाशे अपुरे; मोठ्या कंपन्यांनी हात वर केले. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानानं ते काम अंगावर घेतलं. त्यानं आणि त्याचा वाटाड्या आन्डर्स होल्टे यानं आधीची काही वर्षं स्वतःच्या फेऱ्यांवर नोंदी ठेवल्या होत्या: कोणती दिशा धरली, वेग किती, किती वेळानं वळलो. काळोखात होकायंत्र आणि घड्याळ यांच्या भरवशावर बोट हाकता येते, हे त्या वहीतून सिद्ध झालं. २ जुलै १८९३ रोजी ‘वेस्टरोलेन’ ही आगबोट ट्रॉन्डहाइमहून निघाली. तेव्हापासून ही सेवा चालू आहे. आता ती दक्षिणेच्या बर्गनपासून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत जाते, वाटेत ३४ बंदरं घेते आणि परत फिरते. २०२१ पासून हुर्टिगरुटेन आणि हाविला या दोन कंपन्या मिळून ११ जहाजं चालवतात. दोघींशी सरकारचा करार आहे आणि सरकार त्यासाठी पैसे मोजतं, कारण उत्तरेच्या गावांना माणसं आणि माल नेणारी बोट हवी. आमच्यासारखे प्रवासी त्यात भर म्हणून.

हा फरक पहिल्याच रात्री कळला. दोनच्या सुमारास खालून धाडकन आवाज आला आणि केबिन थरथरली. मी दचकून उठले. आत्या खिडकीशी उभी होती, शाल गुंडाळून. “बंदर आलं,” ती म्हणाली. खाली जहाजाच्या कुशीतलं दार उघडलं होतं आणि फोर्कलिफ्ट पुढेमागे करत खोकी उतरवत होती. पिवळ्या जाकिटातली दोन माणसं, वर दिव्याच्या झोतात तिरका पडणारा बर्फ. एक बाई चाकांची बॅग ओढत जहाजाकडे येताना दिसली. तिला पोचवायला आलेला म्हातारा धक्क्यावरच थांबला होता. पंधरा मिनिटांत दार मिटलं, दोर सुटला, जहाज निघालं. त्यानंतर आत्या रात्रीची बंदरं चुकवेना. मी झोपून राहायचे आणि सकाळी ती मला वृत्तान्त सांगायची: एका ठिकाणी सोफा उतरवला, एका ठिकाणी शाळेतल्या मुलींची आख्खी खेळाची टीम चढली आणि वरच्या दिवाणखान्यात आडवी झाली, पुढच्या बंदराला सगळ्या उतरल्या. “ही तर आपली एसटी गं,” ती म्हणायची. तिच्या तोंडी एसटीला उपमा देणं म्हणजे मोठा मान.

जहाजावरचं जगणं फार शांत. नाच नाही, गाणी नाहीत, कॅसिनो नाही. वरच्या मजल्यावर काचेच्या भिंतींचा मोठा दिवाणखाना आणि त्यात बाहेर बघत बसलेली माणसं. कोणी विणतंय, कोणी दुर्बीण लावून गरुड शोधतंय. किनारा दोन्ही बाजूंनी सरकत असतो: लाल रंगाचं एकुलतं एक घर, त्याचा छोटा धक्का, मागे पांढरा डोंगर. नॉर्वेजियन, इंग्रजी, जर्मन अशी तिन्ही भाषांत घोषणा व्हायची आणि आत्या नॉर्वेजियन घोषणेतलं बंदराचं नाव ओळखायला शिकली. जेवणात मासे भरपूर, पण आपल्या जिभेला अळणी. आत्यानं लसणीची चटणी आणि आगळाची छोटी बाटली आणली होती. उकडलेल्या कॉडवर चटणी भुरभुरून ती समाधानानं जेवायची. व्हिनेगरमध्ये मुरवलेला हेरिंग तिला इतका आवडला की सकाळी नाश्त्यालाही ती तोच घ्यायची. तिथला तपकिरी गोडसर चीज मात्र मी खाल्ला, तिनं नाही.

बोट बहुतेक वेळ बेटांच्या आडोशानं जाते, त्यामुळे पाणी निवांत. पण मध्येच आडोसा संपतो आणि उघडा समुद्र लागतो. बोडो सोडलं की लोफोतेन बेटांपर्यंत तीन-चार तास असेच. त्या संध्याकाळी चांगलीच बोट लागली मला. कपाळाला घाम, हातपाय गार. आत्यानं लिंबू कापून नाकाशी धरायला दिलं, आवळासुपारी तोंडात घातली आणि जहाजाच्या मधोमध, सगळ्यात खालच्या मजल्यावर, नेऊन बसवलं. वर बसून लाटा बघत राहण्यापेक्षा तिथे खरंच बरं वाटतं, कारण जहाजाची टोकं जितकी हेलकावतात तितका मधला भाग हेलकावत नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. लहानपणी तिची आई तिला बोटीत अशीच मध्यभागी बसवायची.

त्याच दिवशी सकाळी आम्ही आर्क्टिक वृत्त ओलांडलं होतं, ६६ अंश ३३ मिनिटं. एका खडकाळ बेटावर लोखंडी पृथ्वीगोल उभा आहे, तो दिसला की जहाज भोंगा वाजवतं. मग डेकवर समुद्रदेव न्योर्ड दाढी लावून येतो आणि ज्याची तयारी असेल त्याच्या मानेतून कपड्यांत बर्फाचा डाव ओततो. आत्या रांगेत उभी राहिली. बर्फ पाठीवरून खाली गेला तेव्हा “आई गं!” म्हणून ती अशी ओरडली की सगळं डेक टाळ्या वाजवू लागलं. परतीच्या वाटेवर याच वृत्ताशी कॉड लिव्हर ऑईलचा चमचा देतात. तो तिनं तोंड न वाकडं करता घेतला आणि चमचा आठवण म्हणून मिळतो तो पर्समध्ये टाकला.

ध्रुवीय प्रकाश दिसला. ट्रॉम्सोच्या पुढे, रात्री, आधी ढगाची फिकट पट्टी वाटली आणि मग ती हलायला लागली, हिरवी झाली, डोंगरामागून निघून डोक्यावरून गेली. शंभर किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन सूर्याकडून आलेल्या कणांच्या माऱ्यानं असा हिरवा उजळतो. मोबाइलच्या फोटोत तो डोळ्यांना दिसतो त्याहून गडद येतो. मान दुखेपर्यंत आम्ही बघत राहिलो. याबद्दल इतक्या जणांनी इतकं लिहिलंय की मी थांबते.

होनिंग्सवोगला उतरून केलेली सहल मात्र सविस्तर सांगायची आहे. हे मागेरोया बेटावरचं बंदर ७१ अंश उत्तरेला आहे. अलास्काच्या उत्तर टोकाला, साधारण याच अक्षांशावर, हिवाळ्यात समुद्र गोठतो. इथे गोठत नाही, कारण अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह थेट या किनाऱ्यापर्यंत पोचतो. म्हणूनच तर बोट बारा महिने चालते. जहाज इथे साडेतीन तासांच्या आसपास थांबतं आणि बस नॉर्थ केपच्या कड्यावर नेऊन आणते. बंदर ते कडा साधारण ३४ किलोमीटर, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे. पण हिवाळ्यात शेवटच्या टप्प्यावर कोणालाही एकट्यानं गाडी नेता येत नाही. स्कार्सवोगच्या फाट्यावर रस्त्याला फाटक आहे. तिथे सगळ्या बसगाड्या ओळीनं थांबतात. ठरलेल्या वेळी बर्फ कापणारी गाडी पिवळा दिवा फिरवत पुढे होते, फाटक उघडतं आणि तिच्या मागोमाग ताफा निघतो.

त्या रस्त्यावर मी जे पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. झाड एकही नाही. जमीन कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नाही. रस्त्याच्या कडेनं बर्फात उंच काठ्या रोवलेल्या, त्यांच्या ओळीवरूनच रस्ता ओळखायचा. वारा जमिनीलगत बर्फाचा भुगा वाहवत होता, त्यामुळे रस्ताच सरपटतोय असं वाटायचं. पुढची बस मिनिटभर दिसेनाशी व्हायची, मग तिचे लाल दिवे पुन्हा उगवायचे. आमची गाइड तिथलीच मुलगी होती. तिनं सांगितलं, इथले मूळ रहिवासी असलेल्या सामी लोकांचे रेनडिअर हिवाळ्यात या बेटावर नसतात. ते आतल्या पठारावर जातात आणि वसंतात चरायला येतात, मग शरद ऋतूत मधली सामुद्रधुनी पोहून परत जातात. पाण्याची रुंदी पावणेदोन किलोमीटरच्या वर. लहानगी वासरंही आयांच्या बरोबर पोहतात.

कडा ३०७ मीटर उंच, सरळ समुद्रात उतरलेला. टोकावर लोखंडी पृथ्वीगोल आहे, १९७८ सालचा. बसमधून उतरताना गाइडनं सगळ्यांच्या बुटांना खिळ्यांचे पट्टे नीट लागलेत ना, ते वाकून पाहिलं. तापमान उणे पाच-सहाच असेल, पण वाऱ्यानं श्वास कोंडत होता. आम्ही दोघी एकमेकींच्या कोपरात हात घालून, पाऊल सपाट टाकत, त्या गोलापर्यंत गेलो. ही जागा युरोपचं सगळ्यात उत्तरेचं टोक म्हणून ज्या कौतुकानं दाखवतात त्यात थोडं कमी-जास्त आहे: शेजारचं सखल टोक याहूनही उत्तरेला जातं आणि हे बेट असल्यामुळे युरोपच्या मुख्य भूमीचं टोक वेगळंच आहे. पण कठड्याशी उभं राहिल्यावर समोर नुसतं करडं पाणी, आणि उत्तर ध्रुव दोन हजार शंभर किलोमीटरवर. रिचर्ड चॅन्सलर या इंग्रज दर्यावर्दीनं १५५३ मध्ये पूर्वेकडची वाट शोधताना या कड्याला नॉर्थ केप हे नाव दिलं. सयामचा राजा चुलालोंगकोर्न १९०७ मध्ये इथे आला होता. त्याच्या आठवणीसाठी कड्याच्या पोटात छोटं संग्रहालय आहे. आत्याला तेच फार आवडलं. आपल्यासारख्याच उष्ण देशातला माणूस, तेव्हा रस्ता नव्हता, खालून चढून आला असणार, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

परतताना बस होनिंग्सवोगच्या देवळाजवळून गेली. पांढरं, लाकडी, साधं चर्च, १८८५ चं. दुसऱ्या महायुद्धात माघार घेताना जर्मन फौजांनी हा सगळा उत्तरेचा प्रांत जाळत नेला. होनिंग्सवोगमध्ये फक्त हे चर्च उभं राहिलं. परत आलेली माणसं घरं बांधून होईपर्यंत त्यातच राहिली. गाइडच्या आवाजात हे सांगताना काही बदललं नाही. तिच्या गावात सगळ्यांना ते ठाऊकच असतं.

आणि मग त्याच रात्री बर्लेवोग आलं.

खरं तर त्या बंदरात बघण्यासारखं काही नाही असं कुणीही म्हणेल. बॅरेंट्स समुद्राकडे उघडं तोंड, छोटं गाव, रात्रीचे दहा. पण दुपारी दिवाणखान्यात जहाजावरच्या एका वयस्कर कर्मचाऱ्याशी आत्या माझ्यामार्फत गप्पा मारत होती. तिनं त्याला कोकणातल्या बोटीची पद्धत सांगितली. बोट खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडाव निघायचा, त्यात माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या. पडाव बोटीला लागला की लाट वर येईपर्यंत थांबायचं आणि वर आली की खलाशी दंडाला धरून आत ओढायचा. लुगड्यातल्या बायका, कडेवर मूल, आणि खाली काळं पाणी. मी जमेल तसं इंग्रजीत सांगत गेले. तो माणूस ऐकता ऐकता पुढे सरकून बसला. म्हणाला, आज रात्री बर्लेवोगला डेकवर या.

आम्ही गेलो. त्यानं बोटानं दाखवलं: बंदराच्या तोंडाशी दोन्हीकडून आलेले बांध आणि त्यांवर रचलेले काँक्रीटचे चार पायांचे अवजड ठोकळे. टेट्रापॉड. मरीन ड्राइव्हला कठड्याखाली आहेत तेच. सत्तरच्या दशकात हे बांध पुरे होईपर्यंत ही बोट बर्लेवोगच्या धक्क्याला लागू शकत नव्हती. लाटांनी बांधकाम पुन्हा पुन्हा मोडून नेलं होतं. तोवर बोट बाहेर उघड्या समुद्रात थांबायची आणि गावातली माणसं छोट्या होड्यांतून तिच्यापाशी यायची. म्हाताऱ्या बायका, आजारी माणसं, पिठाची पोती, सगळं. तेही या थंडीत, या काळोखात.

आत्या कठड्याला धरून बांधाकडे बघत राहिली. जहाज त्या दोन बांधांच्या मधून सावकाश आत गेलं, बाहेरच्या लाटा मागे राहिल्या, दोर टाकला गेला. तीन माणसं उतरली, दोन चढली. ती चढणारी दोघं हातात पिशव्या घेऊन, बोलत बोलत, खाली पाण्याकडे न बघता आली. आत्या म्हणाली, “यांनी बांध घातला. आपण बोटच काढून टाकली.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र आला, आणि अजून आहे. कोकणची बोट बंद पडण्याला कारणं होती हे मी जाणते. पावसाळ्यात तो समुद्र खवळतो आणि लांब पल्ल्याच्या बोटी बंदच ठेवाव्या लागत. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली, अमावास्येच्या सणाला घरी निघालेली. आमच्या घरात तो दिवस अजून नाव न घेता सांगतात. पुढे रस्ते झाले, एसटी गावोगाव गेली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. पण रस्ते नॉर्वेतही झाले. विमानतळ तर त्या उत्तरेच्या चिमुकल्या गावांनाही आहेत. तरी त्यांनी बोट ठेवली, कारण वादळात रस्त्याचं फाटक बंद झालं, विमान रद्द झालं, तरी बोट येण्याची शक्यता असते. तीही कधी एखादं बंदर चुकवते, पण दुसऱ्या दिवशी तिची बहीण येतेच. गणपतीत मुंबई-गोवा रस्त्यावर रात्रभर अडकलेल्या गाडीत ज्यांनी लहान मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळली आहेत, त्यांना मी काय म्हणतेय ते वेगळं सांगायला नको. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला. ही नावं आत्याला अजून क्रमानं पाठ आहेत. तिनं ती त्या कर्मचाऱ्याला म्हणून दाखवली. त्यानं त्याची चौतीस म्हणून दाखवली.

किर्केनेसला रस्त्यांच्या पाट्या नॉर्वेजियन आणि रशियन अशा दोन लिप्यांत आहेत. बाकी तिथे आम्ही फक्त चाललो आणि कॉफी प्यायलो.

परतीला स्वोल्वेरमध्ये संध्याकाळी दोन तास मिळाले. जहाजातून उतरतानाच आत्या थबकली. वास आला होता. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत बॅरेंट्स समुद्रातला कॉड अंडी घालायला लोफोतेनला येतो. तो साफ करून, शेपटीला शेपटी बांधून, जोडीजोडीनं लाकडी मांडवांवर लटकवतात. मीठ लावत नाहीत. कडक ऊन नाही, तर शून्याच्या आसपासचा वारा तो वाळवतो. फार थंडी पडली तर मांस गोठून खराब होतं, उबारा वाढला तर माश्या बसतात. त्या किनाऱ्यावर दोन्ही होत नाही. मासे इटलीला जातात आणि डोकी नायजेरियाला. रस्त्याच्या दिव्याखाली मांडव उभा होता, नुकताच भरायला घेतलेला. आत्यानं हातमोजा काढून एका शेपटीची गाठ चाचपली. बोंबील आपण बांबूवर वाळवतो तेव्हा गाठ मारत नाहीत, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात, हे तिनं मला तिथे उभ्या उभ्या समजावून सांगितलं, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून. बोटं लाल झाली तरी मोजा घालेना.

कोणाला जायचं असेल तर फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्च बरा, दिवसाही उजेड असतो आणि रात्रीही पुरेशी काळोखी. सहली जहाजावर अनेक विकतात आणि महाग असतात. नॉर्थ केपची घ्या, बाकी बंदरांत नुसतं पायी फिरलं तरी पुष्कळ दिसतं. खिळ्यांचे पट्टे इथूनच घेऊन जा. केबिन मधल्या भागात, खालच्या मजल्यावर मागा. आणि बर्लेवोगला रात्री दहाला जागे राहा, बोट तिथे फार वेळ थांबत नाही.